चढापुरता दम

आमच्या बारक्या गाडीचं ट्यूनिंग करून घ्यावं की नाही, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं म्हणा. इथे मात्र गाडी माझी होती आणि चालवत होते मी, त्यामुळे मला गप्प बसवणं जरा जड गेलं.

गाडी आठशे सीसीची, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरच्या जमान्यातली. रंग कधीकाळी लाल होता. मी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. कासार आंबोलीत आमच्या दारात ती उभी असते आणि तिच्या शेजारी धाकट्या दिरांची मोठी पांढरी गाडी. दिरांनी आपल्या वाटणीचं रान विकलं आणि वर्षाच्या आत ती गाडी आणि एक टेम्पो दारात आणला. आम्ही रान विकलं नाही. दिरांच्या गाडीत बसायला मला कुणी मनाई केली नव्हती, पण कुठे जायचं, कधी निघायचं आणि किती वाजता परत फिरायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवणार. असल्या मखमली सीटवर बसण्यात मला काडीचा रस नव्हता.

माझी गाडी जायची ती ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीत. डांबरी रस्ता वर, वाडी खाली, दहा-बारा घरं. तिथल्या बायका उन्हाळ्यात डोंगरातून करवंदं काढतात. हात काट्यांनी सोलून निघतात त्यांचे. पूर्वी एक व्यापारी वर रस्त्यावर यायचा आणि तो म्हणेल तो भाव असायचा. दोन उन्हाळ्यांपासून मी शनिवारी सकाळी खाली वाडीत जायला लागले. करवंदांच्या पाट्या आणि दोघी बायका गाडीत घालायच्या आणि पौड रस्त्याला, शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांच्या वाटेवर, त्यांना नेऊन बसवायचं. भाव त्यांनी सांगायचा आणि पैसे त्यांच्याच कनवटीला. मी पेट्रोलापुरतं घेत असे. मी काही समाजसेविका नाही. मला गाडी चालवायला आवडतं, आणि त्या दोघींइतक्या चटकदार गप्पा मला आमच्या गावात मिळत नाहीत, एवढंच कारण.

या वर्षी हंगाम सुरू झाला आणि गाडीनं मान टाकली. वाडीतून वर डांबरीला यायला एक सिमेंटचा चढ आहे, दोन वळणांचा, मध्ये मध्ये उखडलेला. त्या शनिवारी पहिल्या वळणावरच गाडी आचके देऊन बंद पडली. बायकांनी उतरून चाकांमागे दगड लावले. मग पाट्या डोक्यावर घेऊन त्या पायीच चढल्या, आणि रिकामी गाडी मी कशीबशी रडतखडत वर आणली. पौड रस्त्याला पोचेपर्यंत दुपार झाली होती. करवंदांना पाणी सुटलं होतं. त्यांतल्या थोरल्या बाईनं जवळजवळ निम्मी करवंदं ओढ्यात ओतली, एक शब्द न बोलता. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी फार लागलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दीर म्हणाले, "वहिनी, कशाला जिवाला ताप करून घेताय? येत्या शनिवारपास्नं आपला टेम्पो लावतो तितं. माल मी उचलतो. बायकांना जाग्यावर पैसं. तुमी बसा निवांत घरी."

"भाव कोन ठरवनार?" मी विचारलं.

"टेम्पो ज्याचा, भाव त्याचा," ते हसून म्हणाले.

"आन टेम्पो खाली वाडीत येनार व्हय?"

"खाली कशाला घालायचा? वळनं बघितली का तुमी? बायका आनत्यात की डोक्यावर. सवय हाय त्यांना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पुन्हा तोच व्यापारी, फक्त आता तो आमच्या घरातला. मी सांगितलं, येत्या शनिवारी मीच जाणार आणि त्याआधी गाडीचं ट्यूनिंग करून घेणार. त्या दिवशी गाडी चढली नाही, तर टेम्पोच्या आड मी येणार नाही. दिरांनी लगेच म्हण काढली, "चार आण्याची कोंबडी आन बारा आण्याचा मसाला!" जाऊबाई हसल्या. माझा नवरा हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो, त्याला गाड्यांतलं कळतं. तोही बशीत बघून हसला आणि म्हणाला, "आठशे सीसीला ट्यूनिंग करून असा काय फरक पडनार हाय?" दिरांच्या म्हणीपेक्षा ते बशीतलं हसू मला जास्त झोंबलं.

पौडात एक म्हातारे मिस्त्री आहेत. कॉम्प्युटर लावायच्या गाड्यांना ते हात लावत नाहीत. त्यांनी मला इंजिन चालू करायला सांगितलं, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "मिसिंग मारतीय. एक सिलिंडर धड पेटत न्हाई." मग त्यांनी एअर फिल्टरचा डबा खोलायला घेतला आणि हवा आत जायच्या तोंडापाशी थांबले. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी एक चिंधी ओढून काढली, तेलकट, मातीनं जाड झालेली.

"ह्ये काय हाय, ताई?"

ते माझ्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं, दुपदरी, रबरानं बांधलेलं. बांधलं होतं मीच. वाडीच्या रस्त्याला उन्हाळ्यात तांबडी धूळ उडते आणि फिल्टर सारखा भरतो. आमच्याकडे हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळतात, औषधाची पूड वस्त्रगाळ करतात. मला वाटलं, गाडी हवा पिते, तर तीही गाळून द्यावी. पहिले काही आठवडे मी ते धुऊन वाळवून पुन्हा बांधतही होते. नंतर विसरले, आणि फडक्याची भिंत झाली.

मिस्त्री म्हणाले, "मानसाच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधून डोंगर चढाया लावला, तर चढंल का त्यो?"

"मी चढलेय," मी म्हटलं. "तोंडाला पदर आन डोक्यावर भारा घिऊन."

मिस्त्री हसले आणि कामाला लागले. काजळी धरलेले प्लग काढले. व्हॉल्व्हचे टॅपेट एकेक करून बसवले. कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला. मग इंजिन चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते कितीतरी वेळ नुसते ऐकत उभे राहिले. एक स्क्रू इतकासा फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा थोडा मागे घ्यायचा. मी सरळ विचारलं, एवढं सगळं करण्यात अर्थ आहे का?

"खरं सांगू? ट्यूनिंगनं ताकद वाढत न्हाई. कंपनीनं जेवढी दिली तेवढी परत मिळती. लोक येत्यात, बारक्या गाडीला मोठ्या गाडीसारखी पळवा म्हनत्यात. त्यांना मी हात जोडतो."

"मला पळवायची न्हाई. चढवायचीय."

"मग चढंल. पन वझं बघून."

घरी गेल्यावर फडक्याची गोष्ट मी स्वतःच सांगितली. दीर हसून हसून खोकायला लागले. हसू दिलं. या घरात मी इतरांच्या चुका पदराखाली झाकल्या आहेत, माझी एक उघडी पडली तर काही आभाळ कोसळत नाही. आणि चूक माझी होती, गाडीची नव्हती, हे सगळ्यांना कळलेलं मला हवंच होतं.

शनिवारी सकाळी वाडीच्या फाट्यावर पोचले, तर डांबरीच्या कडेला टेम्पो उभा. दीर स्वतः आले होते. "न्हाई चढली तर मी हाय हितं," ते म्हणाले. मी गाडी खाली घातली.

नेहमीच्या सात पाट्या भरल्या, दोघी बसल्या. इंजिनाचा आवाज गुळगुळीत येत होता. पहिलं वळण तिनं सहज घेतलं. दुसऱ्या वळणावर मात्र ती जड झाली. आचके नव्हते, पण दम संपत आला होता. मी ती बंद पडू दिली नाही. ब्रेक धरत धरत उलटी खाली सपाटीला आणली. वर दीर कमरेवर हात ठेवून उभे होते. मग मिस्त्रींचं ते ‘वझं बघून’ आठवलं. मी तीन पाट्या आणि धाकट्या बाईला खाली उतरवलं. चार पाट्या आणि थोरलीला घेतलं, पहिला गिअर टाकला, आणि गाडी दोन्ही वळणं न थांबता चढून डांबरीवर आली. एकदा डांबरीला लागलं की पुढे पौडपर्यंत असला चढ नाही, तिथे ती सातही पाट्या नेते.

"दोन खेपा?" दीर म्हणाले. "मग ट्यूनिंगचा उपेग काय झाला?"

"ह्योच झाला, भाऊजी. गेल्या शनिवारी एक बी झाली नव्हती. दोन लागल्या तर दोन मारीन, चार लागल्या तर चार."

थोरलीला आणि पाट्यांना रस्त्याच्या कडेला उतरवून मी दुसऱ्या खेपेला वळले. आरशात दिसलं, दीर टेम्पोचं फाळकं उघडत होते. खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. रोख पैसे, दुपारपर्यंत उन्हात बसायला नको, उन्हात तापलेल्या सीटची म्हातारी गाडी नको. थोरली हो म्हणाली असती तर चूक नव्हतं, आणि तिला अडवायचा मला काही हक्क नव्हता. खाली जाऊन उरलेल्या तीन पाट्या भराभर आत घातल्या आणि धाकटीला बसवलं.

वर आले तेव्हा फाळकं लागलेलं होतं आणि टेम्पो रिकामा होता. दीर केबिनमध्ये मोबाइल बघत बसले होते. थोरली चारही पाट्यांच्या मध्ये पाय पसरून बसली होती आणि पानांनी करवंदांवरच्या माश्या वारत होती.

"काय म्हनत हुते?" मी हळूच विचारलं.

"म्हनले, टाकू का टेम्पोत?" ती म्हणाली. "म्या म्हनलं, नगं. आमची गाडी खाली गेलीया, येतीया आत्ता."

गाडी कागदोपत्री माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी मागचं दार उघडलं आणि तिच्या हातून पाट्या आत घ्यायला लागले.