आठ दिवसांचा बिल्ला

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं धानोऱ्याच्या जसोदाबाईचं ठाम मत होतं, आणि ते पुष्कळसं खरंही होतं. ती भाव करायला उभी राहिली की मिरचीवाला आधी कपाळाला हात लावायचा. म्हणून १९६२च्या सारंगखेड्याच्या यात्रेत तिच्या नवऱ्यानेच, छगनने, तिला न विचारता चाळीस रुपये घालवले, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

छगनचा यात्रेत पाळणा असे. लाकडी, चार पेट्यांचा, हाताने फिरवायचा. फिरवायला अक्कलकुव्याकडच्या डोंगरातले फुलसिंग आणि चैत्या हे दोन दणकट गडी. दरवर्षी जसोदाबाई बाजरीचं पीठ, डाळ, मिरच्या बांधून आणायची आणि पाळण्यामागे तीन दगड मांडून आठ दिवस चौघांचा स्वयंपाक करायची. यंदा मोतीलालने आपल्या खाणावळीबाहेर फळा टांगला होता. एका जेवणाचा एक रुपया, पण आठही दिवसांचे पैसे आधी भरले तर दोन्ही वेळचं जेवण दहा रुपयांत. पैसे भरले की पत्र्याचा गोल बिल्ला मिळे, तो दाखवून पंगतीत बसायचं. छगनने चार बिल्ले घेतले.

"सोळा जेवणं, दहा रुपया! आठ दिन तुले चुलीजवळ बसानं काम नही," तो खुशीत म्हणाला.

"अन् आसना पैसा?"

पाळण्याचा सगळा डोलारा ज्यावर फिरतो तो आस तडकला होता. लोखंडी पट्टी मारून ही यात्रा कशीबशी निघाली असती. खापर गावचा सुतार गोवाल शेवटच्या दिवशी सागाचा नवा आस आणणार होता, आणि त्याला चाळीस रुपये रोख हवे होते. ते नसले तर आस दुसऱ्या पाळणेवाल्याला जाणार आणि छगनचा पाळणा घरी गोठ्यात पडून राहणार. ते चाळीस रुपये जसोदाबाईने वर्षभर शेंगा फोडून जमवले होते. आता ते मोतीलालच्या गल्ल्यात होते.

ती तडक खाणावळीत गेली.

"फळा वाचा, बाई," मोतीलाल गोड हसून म्हणाला. "दिधेल पैसा परत भेटाव नहीत."

"मले वाचता येस नही," जसोदाबाई म्हणाली, "पन मोजता येस."

आणि तिने तिथेच उभं राहून बोटांवर दिवस मोजले. आज पौर्णिमा, दत्तजन्म, म्हणजे संध्याकाळपर्यंत उपवास. तिसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. पाचव्या दिवशी संकष्टी. यात्रेतले बांगडीवाले, भांडीवाले, कापडवाले, ज्यांनी हौसेने बिल्ले घेतले होते, ते सगळे देवभोळे. तीन दुपारी त्यांच्यातलं कोणी ताटाला शिवणार नव्हतं. तिने वर पाहिलं. मोतीलालच्या गल्ल्यामागे पंचांग टांगलेलं होतं. मोतीलालने उपवास मोजूनच भाव लावला होता हे तिला कळलं, आणि राग जाऊन एक थंड जिद्द तिच्यात येऊन बसली. आस येणार म्हणजे येणारच.

पाळण्याजवळ दिलवरसिंग नावाचा घोड्यांचा व्यापारी एका ताटाला रुपया मागतात म्हणून शिव्या घालत होता. जसोदाबाईने कनवटीचा स्वतःचा बिल्ला काढला.

"पाऊण रुपया दे अन् जेवी ये. तुन्हा चाबूक आठे मन्हाकडे ठेव. बिल्ला परत दिधा की चाबूक भेटी."

दिलवरसिंगाला उपवासाचं सोयरसुतक नव्हतं. तो पोटभर जेवून आला, आणि रात्री पुन्हा बिल्ला मागायला हजर झाला.

गुरुवारी सकाळी जसोदाबाईने तीन दगड मांडले, भगर शिजवली, शेंगदाण्यांची आमटी केली आणि दुकानादुकानांतून फिरली. "तुम्हना बिल्ला आज उपाशी शे. दुपारपुरता मले द्या, मी तुमले फराळ देस." बिल्ला तसाही वाया जाणार होता, म्हणून लोकांनी आनंदाने दिला. दुपारी पाळण्याच्या खांबाला वीस चाबूक लटकत होते, आणि मोतीलालच्या पंगतीत वीस घोडेवाले मांडी घालून बसले होते. त्याने त्या दुपारी जेमतेम डझनभर माणसांचा भात टाकला होता. बिचाऱ्याला धावतपळत दुसरं पातेलं चढवावं लागलं. बिचारा म्हणायचं ते आपलं रीत म्हणून.

संकष्टीला चाबूक तीस झाले. तेव्हा मोतीलाल घामाघूम होऊन पाळण्यापाशी आला.

"हाई काय लाई दिधं, जसोदाबाई? ज्याना बिल्ला, त्यानीच खावाले पायजे!"

"बिल्लावर नाव शे का कोनं?" ती आमटी ढवळत म्हणाली. "सोळा जेवणसना पैसा तुम्ही पहिलेच लिधा. मंग सोळा वाढा."

भोवती बांगडीवाले भगर खात उभे होते, आणि त्यांना हे फार आवडलं होतं. मोतीलाल आल्या पावली परत गेला.

आठव्या दिवशी दुपारी गोवाल बैलगाडीतून आस घेऊन आला. जसोदाबाईने पाऊण-पाऊण रुपयांनी भरलेली पदराची गाठ सोडून चाळीस रुपये त्याच्या हातावर ठेवले. छगन नव्या लाकडावरून हात फिरवत राहिला.

"मंग बिल्ला सस्ता पडना का महाग?" त्याने भीत भीत विचारलं.

"फुलसिंग अन् चैत्याले सस्ता पडना. त्या दोन्ही वेळ जेवनात. तुम्ही गर्दीमा निम्मा वेळ गयातच नहीत. इतला हिशेब तरी कराना व्हता."

"हिशेब कराच नही मी," छगन खाली बघत म्हणाला. "सतरा वरीस व्हई गयात. यात्रामा तू आमले वाढस, अन् मांगून उभ्या उभ्या खास. आठ दिन तुले कोनी तरी वाढाले पायजे, असं वाटनं."

जसोदाबाईचा हात कनवटीवर गेला. तिचा बिल्ला या आठ दिवसांत पंधरा वेळा जेवला होता, प्रत्येक वेळी दिलवरसिंगाच्या पोटात. ती एकदाही नाही. तिला फार वाईट वाटलं, आणि छगनवर ओरडलेलं सगळं आठवलं. दिलवरसिंग संध्याकाळी चाबूक पुढे करून उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "आज नही. आज मी जाई ऱ्हायनू."

पंगतीत ती छगन आणि फुलसिंगच्या मध्ये बसली. सवयीने दोनदा उठायला गेली, दोनदा छगनने तिचा पदर ओढला. मोतीलाल स्वतः भाताचं पातेलं घेऊन आला. ताट भरलं, रिकामं झालं. तो पुन्हा समोर थांबला.

"आजून वाढू, बाई?"

जसोदाबाईने डोळे पुसायचं सोडून ताट पुढे सरकवलं.

"वाढा," ती म्हणाली.