वक्तशीर ढग

मागच्या महिन्यात फोनवर मी तुम्हाला सांगितलं होतं की माझा लघुग्रह स्वतःभोवती एक फेरी सोळा तासांत मारतो. ते चूक आहे. धाकटीने ते शाळेतही सांगितलं असं कळलं, म्हणून लिहून कळवते.

दुर्बीण चिलीत आहे आणि मी गंगापूर रोडच्या घरात. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ ते दुपार. त्यामुळे कुकर लावायचा, लॅपटॉप उघडायचा आणि भाजी निवडता निवडता तिकडच्या आकाशाकडे लक्ष ठेवायचं, असं सहा आठवडे चाललं. आमच्या हौशी गटाला या दुर्बिणीवर वेळ मिळतो. दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र येतं, त्यात लघुग्रह म्हणजे नुसता ठिपका. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचा उजेड मोजायचा आणि आलेखावर बिंदू मांडायचा. हा दगड बटाट्यासारखा लांबट. रुंद बाजू आपल्याकडे आली की उजळतो, टोक आलं की मंदावतो. एका फेरीत हे दोनदा होतं. म्हणजे आलेखात दोन खळगे झाले की एक फेरी पूर्ण.

ऐकायला सोपं आहे. पण सहा आठवड्यांत माझी मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुमचे आजोबा म्हणायचे, "अगं, तिकडे तू दगड फिरवतेस, इथे मिक्सर आठ दिवस फिरलेला नाही."

"अहो, तुम्ही न्या ना दुरुस्तीला."

"माझं आपलं निरीक्षण चालू आहे," म्हणून परत पेपरात डोकं.

गटाचा अहवाल शुक्रवारी जायचा होता. त्यात माझ्या एकटीच्या कामाची एक ओळ येणार होती. शाळेच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक दिले. माझं स्वतःचं असं कुठे काही छापून आलेलं नाही. तेव्हा त्या ओळीचं मला किती अप्रूप होतं, ते तुम्हाला कळेल.

मंगळवारी गटाच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. त्या कॉलेजात शिकवतात, वयाने तुमच्या आईएवढ्या.

"काकू, आलेख अगदी स्वच्छ आहे तुमचा. पण मध्ये मध्ये जागा रिकाम्या का?"

"तिथे ढग होते. बिंदू एकदम खाली गेले होते, ते मी काढून टाकले."

"ढग आले तर शेजारचे तारेही मंद व्हायला हवेत. झाले होते?"

ते मी पाहिलंच नव्हतं. त्यांनी आलेख पुन्हा एकदा पाहिला, मग हसू दाबत म्हणाल्या, "दर आठ तासांनी येतात हो. फारच वक्तशीर ढग आहेत तुमचे."

तेव्हा लक्षात आलं. या दगडाचे दोन खळगे सारखे नव्हते, एक उथळ आणि एक खोल. तो खोल खळगाच मी दर वेळी खड्यासारखा वेचून टाकला होता. उरलेले उथळ तेवढे मोजले, दोनाची एक फेरी धरली, आणि आठाचे सोळा झाले.

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या, "ती छायाचित्रं परत घाला, तासाभरात होईल."

ती छायाचित्रं नव्हती. मी पुसून टाकली होती. तांदूळ निवडल्यावर खडे कोणी डब्यात ठेवतं का? तिकडे मूळ प्रती आठवडाभरच राहतात. शेवटच्या काही रात्री मिळाल्या, आधीच्या गेल्या. मिळाल्या त्यांत तो खोल खळगा पूर्ण असा एकदाच होता. आणि लघुग्रह आता इतका दूर गेला आहे की या दुर्बिणीला नीट दिसत नाही.

बुधवारी त्यांचा पुन्हा फोन. "काकू, आठ तासच लिहू का? आठच असणार. माझी खात्री आहे."

मलाही आठच वाटतात. खोटं सांगत नाही, हो म्हणावंसं फार वाटलं. एवढी दमले होते की कोणी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा दिसलेल्या खळग्यावर फेरी ठरत नाही, आणि बाकीचे माझ्याच हाताने गेले होते. मी म्हटलं, "नको. जागा रिकामी ठेवा. आणि कारण लिहा, ढगांवर ढकलू नका."

शुक्रवारी अहवाल आला. माझ्या लघुग्रहापुढे छापलं आहे, "परिवलनकाल अनिश्चित. निरीक्षकाकडून काही छायाचित्रे चुकून वगळली गेली." वाक्य मीच दिलेलं. आजोबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि चहा टाकायला गेले.

मॅडम म्हणतात, दीड वर्षाने तो परत जवळ येईल, तेव्हा पुन्हा मोजू. मी अजून हो म्हटलेलं नाही. शाळेत मात्र सांगा, की सोळा नाहीत, आणि किती ते आजीला माहीत नाही.