बसप्पा वस्तादांचा पाण्यासाठी अर्ज

बसप्पा वस्ताद नमस्कार करीत नसत. समोरचा कोणीही असो, ते आधी त्याचा दंड चाचपून पाहत व मगच क्षेमकुशल विचारीत. लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीसमोर लिंबाखाली मी अर्ज लिहावयास बसू लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझा दंड दाबून चारचौघांत निकाल दिला, "अर्जनवीस, ह्यो दंड हाय का शेवग्याची शेंग?"

ज्याच्या मसुद्यातली वेलांटीही वकील बदलत नसत, अशा इसमास हे लागणारच. परंतु बैठ्या कामाने माझी कंबर धरली होती, हेही खरे. वस्तादांचे सरकी-पेंडीचे दुकान शेजारीच होते व त्यामागे त्यांची तालीम. अडतीवरचे हमाल तेथे पहाटे जोर काढीत. वस्तादांनी मलाही ओढून नेले. "देवणीचा बैल बगा. दावणीला बांधून ठिवला की त्योबी बसकण मारतो. तुमी तर माणूस." महिन्याभरात माझी कंबर सुटली आणि भूक अशी खवळली, की ऐन दुष्काळात ह्यांना जेवण सुचते, असे टोमणे घरी ऐकावे लागले.

जिल्हा नवा होता. दुष्काळ मात्र आमचा जुनाच. टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत. त्या दिवसांत वस्तादांचा एक नियम फार मिरवू लागला : "घाम हाय तवर पाणी न्हाई." त्यांचे गुरू बिलोलीचे दस्तगीर उस्ताद यांनी आखाड्याच्या मातीवर हात ठेवायला लावून त्यांच्याकडून ही शपथ घेतली होती. पहाटे जोर झाले की वस्ताद दुकानात पोती उचलीत. घाम काही थांबत नसे, म्हणून दिवस मावळेपर्यंत घोटही घेत नसत. "सरकारनं माज्यापासून शिकावं," असे वर म्हणत.

वैशाखात ते बैठका मारता मारता आखाड्यातच कोसळले. पोटऱ्यांत गोळे, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी सलाइन लावून बजावले, "मूत्रपिंड थोडक्यात वाचले. व्यायाम करायचा तर आधी आणि मध्ये पाणी प्या, नाहीतर व्यायाम सोडा. पुन्हा असे आलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

बरे वाटताच वस्ताद लिंबाखाली येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी कोणाचाही दंड दाबला नाही.

"जोर सोडला तर मी वस्ताद कसला? आन् पाणी पिलो तर उस्तादाचा चेला कसला? लिव्हा उस्तादाला अर्ज."

"उस्ताद वारले की हो!"

"मंग? तुमचे साहेब तरी कुठं जाग्यावर असत्यात? तरी लिव्हताच की."

मी मसुदा केला. विषय : व्यायामसमयी पाणी पिण्यास परवानगी मिळणेबाबत. शेवटी माझे ठेवणीतले वाक्य घातले, 'सात दिवसांत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.'

"सात दिस? तवर मी ऱ्हातो का न्हाई!"

मुदत 'वाचन संपेपर्यंत' अशी दुरुस्त केली, आणि अर्ज उस्तादांच्या कबरीपुढे वाचण्यासाठी एसटीने आम्ही बिलोलीस गेलो. कबरीवर जाण्यापूर्वी उस्तादांच्या वृद्ध पत्नीस भेटणे रीतीचे होते. वस्ताद त्यांना अम्मा म्हणत. काय काम काढले, असे त्यांनी विचारताच मी अर्ज खणखणीत वाचून दाखविला. अम्मा पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"क्या रे बसप्पा, इत्ती सी बात के वास्ते कागद? तेरे उस्ताद घर कू आते ही आधा घडा खाली करते थे. तालीम में खाली रुबाब था, रुबाब!"

अम्मांनी पाण्याचा पेला भरून पुढे केला. वस्तादांनी तो एका दमात रिकामा केला व पुन्हा पुढे धरला. परतीच्या गाडीत ते एवढेच बोलले, "अर्जनवीस, हे तालमीत बोलायचं न्हाई. उस्तादाची इज्जत हाय."

दुसऱ्या पहाटे आखाड्याच्या कडेला भरलेला माठ होता. साऱ्या हमालांदेखत वस्तादांनी पेला उचलला. "उस्तादाची परवानगी आनलीय. आधी पाणी, मंग जोर."

एका हमालाने माझ्या कानाशी लागून विचारले, "खरंच का हो?"

"रीतसर," मी म्हणालो.

वस्ताद त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले आणि पिकल्या वयात गेले. अम्माही गेल्या. तालमीत बोलायचे नाही, ही वस्तादांची अट मी आजवर पाळली. लिहिण्यास त्यांनी मनाई केली नव्हती. त्या तालमीत आजही जोर काढण्यापूर्वी प्रत्येक जण दस्तगीर उस्तादांचे नाव घेऊन पेला तोंडाला लावतो; आणि उस्तादांना मात्र जन्मभर चोरूनच पाणी प्यावे लागले, हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे.