बारशातून उठून गेलेली आजी

सोजरबाईचा राग काय चीज होती, ते सोलापुरात तिच्या चाळीतल्या कुणालाही विचारा. सकाळी शेजारणीला सख्खी बहीण म्हणायची अन् संध्याकाळी तिच्याच दारात घागर आपटायची. नवरा कंटाळून निघून गेला. बहात्तरच्या दुष्काळात तर लेकीशी भांडून बाईनं अंगावर रॉकेल ओतून घेतलं. हातातली काडी शेवंतानं, लेकीनंच हिसकावली.

मग दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे दर आठवड्याला जाणं सुरू झालं. सुई नाही, गोळी नाही, नुसतं बोलायचं, म्हणून ही आधी त्यांच्यावरही खेकसली. पण त्याही हट्टी. दोन-तीन वर्षं एकच गोष्ट घोटून घेतली: राग चढला की तिथून उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, हात थरथरायचे थांबले की परत यायचं. पुढं त्या सोलापूर सोडून गेल्या, शिकवलेलं मात्र राहिलं. ती कामाला जायची त्या गिरणीतसुद्धा सोजरबाईचा कुणाशी तंटा उरला नाही. पण ते बघायला शेवंता कुठं होती? ती लग्न होऊन केमला गेलेली.

पहिलं बाळंतपण माहेरचं. शेवंतानं ते सासरीच केलं. सोजरबाईला लई लागलं. तरी बारशाचं बोलावणं आलं तशी ती कुंची शिवून हौसेनं गेली. नातीला एकदा हातात घ्यावं अन् लेकीला कळावं, आई आता तशी राहिली नाही, एवढीच तिची आस.

पाळण्याच्या एका बाजूला विहीण विठाबाई, दुसऱ्या बाजूला ही. पाळण्याखालून बाळ द्यायचं-घ्यायचं. बाळ पुढं करता करता विठाबाई हसत बायकांना म्हणाल्या, "यांच्या हाताला अजून रॉकेलचा वास येतोय की."

बायका हसल्या. सोजरबाईचं डोकं फिरलं. पूर्वीची असती तर पाळणा उलथला असता. पण ती मुकाट्यानं उठली अन् परसात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. इकडं विठाबाईंचे हात बाळासकट तसेच राहिले. भर बारशात आजीनंच पाठ फिरवली! बायकांनी तोंडाला पदर लावले.

हात थरथरायचे थांबल्यावर ती परतली, तोवर नाव ठेवून झालं होतं. तिनं हात पुढं केले. शेवंतानं बाळ छातीशी ओढलं.

"आई, आजच्या दिवशी तरी बसायचं की. तू न्हाय बदलायचीस."

"मी उठले म्हनूनच..." सोजरबाई म्हणाली. पुढचं ऐकायला शेवंता थांबली नाही.

केमच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना सोजरबाईच्या ध्यानात आलं, नातीचं नाव काय ठेवलं, तेही आपल्याला कुणी सांगितलं नाही.