नांगर धरणारीचं नाव

माझी आत्या कुणालाही, कुठेही, एकच प्रश्न विचारायची : "तुझ्या पणजीचं नाव काय?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. मुलुंड स्टेशनबाहेर रिक्षात बसली की मीटर पडायच्या आत रिक्षावाल्याला. कोथिंबिरीची जुडी हुंगता हुंगता भाजीवाल्याला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिला टेबलावर झोपवलं, तोंडावर हिरवं कापड टाकलं, तर कापडाखालून आवाज आला, "डॉक्टर, हात स्थिर आहे ना? मग सांगा बघू, तुमच्या पणजीचं नाव काय?" एवढा मोठा सर्जन, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायला आला तो बाकी काही न बोलता म्हणाला, "आत्या, रात्री आईला फोन केला होता. सरस्वती." आत्या म्हणाली, "शाबास. आता डोळ्याने दिसलं नाही तरी चालेल."

डॉक्टरही तिला आत्याच म्हणायचा. मी म्हणतो म्हणून आमचा मजला म्हणू लागला, मजला म्हणतो म्हणून सोसायटी, मग वाणी, पोस्टमन, बँकेतली पोरगी. तिने लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली, आणि एका भाच्याच्या जिवावर सगळ्या मुलुंड पूर्वेची आत्या झाली.

हे सगळं मी फार रंगवून सांगतो. सोसायटीच्या गणपतीत सांगतो, लग्नाच्या पंगतीत सांगतो, हिरव्या कापडाखालचा आवाज तर असा काढतो की लोकांच्या हातातली जिलबी हातातच राहते. टाळ्या मला आवडतात, खोटं कशाला बोलू? आत्या होळीनंतर गेली, तेव्हा दहाव्याला जमलेल्या माणसांनाही मी हाच किस्सा सांगितला. माणसं रडता रडता हसली. मला दोन्ही आलं नाही. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो ना, मग गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं काहीतरी. मी किस्सा सांगत होतो आणि तो कुणाच्या आत्याचा आहे हे मला दुसऱ्या कुणाकडून कळल्यासारखं वाटत होतं.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचा जमाना. कुणी घाटकोपरहून मालवण मागायचं, आणि ही दोन तास, चार तास त्या मालवणच्या मागे लागायची. निवृत्तीनंतरही फोन कानाला लावला की पाठ ताठ व्हायची. आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग समोरच्याचं विचारायचं, अशी तिची शिस्त. डावा हात कानावर ठेवून ती म्हणायची, "होल्ड करा हं." घरात कुणी घाई केली की तेच. माझी आई ओरडायची, "अहो वन्सं, भात करपतोय!" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "होल्ड करा." आणि तिची दुसरी शिस्त अशी, की चुकीची लाइन जोडायची नाही. नाही लागली तर नाही लागली म्हणून सांगायचं, पण भलत्याच माणसाला हॅलो म्हणायला लावायचं नाही.

आता ती पणजी. माझी पणजी, आत्याची आजी. आमच्या घराण्यात तिची एकच गोष्ट होती, पण ती सगळ्यांना पाठ होती. आम्ही कोकणातली कुळं, म्हणजे खोताची जमीन कसणारे. पणजोबा तरणाताठा गेला, पदरात तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, भिवा. शेत पडीक टाकलं तर खोत काढून घेणार. आणि बाईने नांगराला हात लावायचा नाही, हा गावाचा दंडक. तेव्हा माझ्या पणजीने नवऱ्याचं इरलं डोक्यावर घेतलं, कासोटा मारला आणि पाठमोरी नांगरायला लागली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी गडी आहे. पेरणी होईस्तोवर गावाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा भात उगवलं होतं. उगवलेलं भात उपटायला कुठला पंच येतोय! शेत राहिलं, भिवा वाढला, पुढे मुंबईला गिरणीत लागला, म्हणून आम्ही सगळे. ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात निघायची. फक्त त्या बाईचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. ती 'नांगर धरणारी'.

हे आमच्या लक्षातही आलं नसतं. माझे वडील गेले, त्या वर्षीच्या पितृपक्षात मी पहिल्यांदा म्हाळ घातला. हातात दर्भ, समोर पिंड, गुरुजी विचारतायत आणि मी एकेका नावावर तिळाचं पाणी सोडतोय. आजोबा, भिवा. पणजोबा, सोनू. पणजी? गुरुजी सवयीने म्हणाले, "गंगा म्हणा." मी म्हणालो, गंगा. आतून आत्याचा आवाज आला, "कोण गंगा?"

गुरुजी म्हणाले, "आत्या, नाव माहीत नसेल तर मी गंगा म्हणवून घेतो. चालतं."

"सगळ्यांकडून?"

"सगळ्यांकडून."

"म्हणजे मुलुंडमधल्या सगळ्या विसरलेल्या बायका एकाच नावाने जेवतात?" आत्या पदर खोचून दारात उभी राहिली. "गुरुजी, ही चुकीची लाइन आहे. माझ्या आजीचं पाणी कुणी भलतीच पिऊन जातेय."

त्या दिवसापासून तिचा प्रश्न सुरू झाला. जगाला विचारायची ती, पण उत्तर तिला एकाच पणजीचं हवं होतं. स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, तिने लहानपणी एकदा विचारलं होतं. आजीने कानाला हात लावले, "सासूचं नाव घेत नाहीत." मग आजी गेली. आजोबा तर आईला 'आवस' म्हणायचे, आणि त्यांना नीट विचारायची अक्कल यायच्या आत तेही गेले.

निवृत्तीनंतर म्हातारी माणसं देवदेव करतात, आत्या तलाठी कार्यालय करू लागली. सातबारा काढला. जुने फेरफार काढले. तालुक्याच्या गावी लाकडी बाकावर बसून उतारे तपासले. एक दिवस आनंदाने फोन आला, "सापडली!" आम्ही सगळे जमलो. तिने कागद उलगडला. पणजोबा मयत, वारस मुलगा भिवा, अज्ञान म्हणजे वयात न आलेला, आणि पुढे तीन शब्द : पालन करणार आई. बस. आत्या त्या तीन शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, "बघ. सरकारला ही भेटली होती. समोर उभी होती. नाव विचारायचं राहिलं." मृत्यूच्या नोंदीत 'भिवा सोनू याची आई'. पणजोबाच्या बैलाचा रंगसुद्धा एका जबानीत लिहिलेला सापडला, तांबडा. बाईचं नाव नाही.

तिच्यापुढे कुणाची धडगत नव्हती. माझी बायको तिला पहिल्यांदा घरी भेटली तेव्हा चहाच्या आधी प्रश्न आला. बायको हजरजबाबी, पटकन म्हणाली, "बयाबाई." आत्या खूश. दोन वर्षांनी बायकोने हसत हसत कबूल केलं की ते नाव तिने तिथल्या तिथे बनवलं होतं. आत्या आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. शेवटी बायकोने आपल्या मामाला गाठून खरं नाव आणलं, द्वारका, तेव्हा पुन्हा घरात दोघींचा मिळून चहा सुरू झाला. "गमतीत घेतलंस ना गं?" आत्या म्हणाली. "त्या द्वारकेला विचार, तिला गंमत वाटली का."

माझी ती आजी, सासूचं नाव न घेणारी, तिचाही एक नमुना सांगतो. आम्ही तेव्हा घाटकोपरला चाळीत राहायचो. दसऱ्याला मी तिच्याबरोबर बाजारात जायचो. झेंडूला ती झेंडू म्हणायची, गुलाबाला गुलाब, पण शेवंतीपुढे आली की बोट दाखवायची, "त्या पिवळ्या द्या." एकदा फूलवाल्याकडे पिवळी संपली होती, पांढरीच होती. आजी म्हणाली, "चालतील, पिवळ्यांतल्या पांढऱ्या द्या." फूलवाला वेडा व्हायचा बाकी राहिला. ही नक्कल मी शाळेत असल्यापासून करतो, हमखास हशा. आत्याही पोट धरून हसायची.

मागच्या दिवाळीत आत्याला पत्ता लागला की गावात धाकटी काकी अजून आहे. म्हणजे आजोबांच्या चुलत भावाची बायको, नव्वद ओलांडलेली, पण कान शाबूत. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा नांगर धरणारी जिवंत होती. जेवणाच्या टेबलावर मोबाइल, स्पीकर चालू, मी वही घेऊन शेजारी. पलीकडे काकीच्या सुनेने फोन तिच्या हातात दिला. आत्याने डावा हात कानावर ठेवला आणि साठ वर्षं न बोललेली मालवणी बाहेर काढली.

"काकी, मी मुंबयसून बोलतंय. भिवाचा चेडू. माझ्या आजयेचा नाव काय होता?"

"नांगर धरी ती?"

"तीच."

"माका म्हायत हा."

आत्याने डोळे मिटले. "मगे सांग."

"सांगू कशी गो? माझी सासू लागता ती. सासयेचा नाव तोंडार घेव?"

"अगो काकी, ती जावन सत्तर वर्सां झाली!"

"माणूस मरता गो. सासू मरत नाय."

मी टेबलाखाली तोंड घालून हसत होतो. आत्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि दुसरी वाट धरली, "बरां, मी नावां घेतंय. बरोबर आसला तर तू नुसता हूं म्हण."

"हूं म्हटला म्हणजे घेतलाच मगे." जगातली एकच बाई ते नाव जाणत होती, आणि ती बरोबर त्याच कारणासाठी ते सांगणार नव्हती ज्यासाठी ते हरवलं होतं. मग काकी लेकीशी बोलावं तसं हळूच म्हणाली, "चेडवा, तुझी आवस अंबाड्यार खंयची वेणी घाली?"

"पिवळ्या फुलांची," आत्या म्हणाली.

"त्या फुलांक ती काय म्हणी?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. आत्याचा हात कानावरून खाली आला. पहिल्यांदाच, फोन चालू असताना. तिने स्वच्छ आवाजात म्हटलं, "शेवंती."

पलीकडून हूं नाही की चूं नाही. फक्त दात नसलेल्या तोंडाचं एक लांबलचक हसू, आणि, "ठेव आता. माझी पेज थंड जाता."

मी तिच्या जागी असतो तर नाचलो असतो. ढोल आणले असते. आत्याने मोबाइल बंद केला, वहीत नाव लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "बरं." मग ती तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. बायकोने दोनदा चहा विचारला, ऐकू गेला नाही. शेवटी ताटाकडे बघतच ती मला म्हणाली, "आई रोज ते नाव टाळायची, रे. रोज. माझं सगळं आयुष्य कानांवर गेलं, आणि मी काय केलं? हसले."

झोपायला जाताना मात्र मूळ पदावर आली. "पुढच्या म्हाळाला गंगा म्हणालास तर बघ. मी दारात उभी राहून ऐकणार आहे."

ती राहिली नाही. होळीनंतर चार दिवसांनी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली, मांडीवर मोबाइल होता. मी सगळं नीट केलं. माणसांना कळवलं, फुलं आणली, शेवंतीचीच आणली, सगळ्यांना चहा मिळाला का ते पाहिलं. लोक म्हणाले, किती धीराचा आहे. धीर कसला? मला काही लागतच नव्हतं.

पितृपक्ष आला. तेच गुरुजी, तोच पाट. मी दर्भ बोटात घालून बसलो आणि माझ्या तोंडून नावं निघू लागली, आरती म्हणताना निघतात तशी. वडील, आजोबा, पणजोबा. "पणजी," गुरुजी म्हणाले, आणि सवयीने पुढे, "गंगा." आणि मी, आत्याचा भाचा, म्हणालो, "गंगा." पाणी सोडूनही झालं. मी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"गुरुजी, थांबा. मागे या."

"झालं की आता. पुढे चला."

"नाही. चुकीची लाइन लागली." माझा आवाज चढला असावा, कारण बायको बाहेर आली. "शेवंती म्हणा. माझ्या पणजीचं नाव शेवंती."

गुरुजींनी पाहिलं माझ्याकडे, मग पुन्हा पळीभर पाणी दिलं. शेवंती. पाणी पडलं. मला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी होईल. नाही झालं. गुरुजी पुढे सरकले. मामा, मावशी, काका, मग म्हणाले, "आत्या. नाव?"

मी तोंड उघडलं, आणि नाव येईना. पन्नास वर्षांत तिला मी नावाने एकदाही हाक मारली नव्हती. आजी आणि वडील गेल्यापासून कुणीच मारली नव्हती. मृत्यूच्या दाखल्यावर मी ते लिहिलं असणार, त्याच बधिर गालाने. सबंध मुलुंडने मिळून तिचं नाव पुसून टाकलं होतं, तेही प्रेमाने. मी बायकोकडे पाहिलं. तिच्याही तोंडात एकच शब्द, आत्या. बोटांतून तीळ खाली पडत होते.

गुरुजी अगदी मायेने, हलक्या आवाजात म्हणाले, "आठवत नसेल तर गंगा म्हणा."

"होल्ड करा," मी म्हणालो.

गुरुजी थांबले. पळी अधांतरी. मी डावा हात कानावर ठेवला. का ठेवला ठाऊक नाही, तसाच तो गेला. आणि लांबून, पाठ ताठ करून, कुठल्या तरी तलाठ्याला तिने म्हटलेलं ऐकू आलं, "नमस्कार, मुलुंडहून सुलोचना बोलतेय."

"सुलोचना," मी म्हणालो. एवढं एकच नाव सांगता सांगता गाल दाताखाली आला, आणि चांगलाच लागला.