बुजवू नकोस, आधी मोजू दे

आदरणीय मुकुंदराव गोफणे सरांची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो. बारामतीत त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीला भेग पडली होती. ती बुजवायला ठेकेदारानं मला पाठवलं होतं. घमेल्यात माल कालवून मी थापी उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब, बुजवू नकोस. आधी मला मोजू दे."

भेग बुजवायची असते, मोजायची कशाला, असं मनात आलं. पण सर भर उन्हात भिंतीपाशी उकिडवे बसले. खिशातून त्यांनी एक पारदर्शक पट्टी काढली, भेगेवर धरली आणि मला विचारलं, "ही वरून खाली आलीय की खालून वर गेलीय?"

मी म्हणालो, "खालनं वर."

"कशावरून?"

"खालच्या कडा जुन्या झाल्यात. त्यात धूळ बसलीय. वरची अजून ताजी हाय."

सरांनी वही काढली आणि मी बोललो ते जसंच्या तसं लिहून घेतलं. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेतल्याची ती पहिलीच वेळ. माझं शिक्षण सातवीपर्यंत. तेही शेवटचं वर्ष अर्धंच.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मलाही लिहायला सांगणारं पत्र समितीकडून आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. वाटलं, नाव चुकलं असेल. सरांच्या विद्वत्तेवर लिहिणारे मोठे लोक आहेत. मी मस्कतजवळ एका बांधकामावर सळई बांधण्याचं काम करतो. आज शुक्रवार, सुट्टी आहे. पण सुट्टीतही अंगाचा शीण उतरत नाही. वाक्यं तुटक झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सरांचं संशोधन काय होतं, ते मला समजलं तेवढंच सांगतो. आपल्या बारामती-इंदापूरकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घराचा पाया तिच्यावर उथळ बसला तर भिंत तडकते. कुठं किती खोल जायचं हे जुन्या गवंड्यांना कळायचं, पण का कळतं ते त्यांना सांगता यायचं नाही. त्यांचं हे कळणं कॉम्प्युटरला शिकवायचं, असं सरांनी मनावर घेतलं होतं. त्याला ते कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणायचे. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला आमच्या भागात हा शब्द कुणाला ठाऊक होता? कॉलेजातलेच लोक मागं हसायचे. म्हणायचे, गोफण्यांना भिंतींचं वेड लागलंय.

त्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. मी दारातच थांबलो तर सरांनी हाताला धरून आत नेलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण स्टुलावर बसले. म्हणाले, "मिलिंद, शंभर घरं बघितलेल्या माणसाला एकशे एकावं घर बघून जे कळतं ना, ते याला कळलं पाहिजे. आपण याला घरं दाखवायची. हा आपला आपण शिकेल."

"ह्याला डोळं कुठं हायेत?"

"डोळे तुझे," सर म्हणाले. "तू आणशील तेच हा बघणार."

हे वाक्य तेव्हा मला गोड लागलं. पुढं फार दिवस टोचलं.

काम असं होतं. जळोची, माळेगाव, भिगवणच्या वाटेवरच्या वस्त्या मिळून बत्तीस घरं निवडली होती. प्रत्येक घराच्या पायाची खोली सरांनी लिहून ठेवली होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण. महिन्यातून एकदा सायकलवरून जायचं, खुणेवर पट्टी लावायची, भेग किती रुंद झाली ते वहीत लिहायचं. सरांनी मला पट्टी वाचायला शिकवलं. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, हे शिकवायला ते एक अख्खी दुपार माझ्याजवळ बसले. आवाज एकदाही चढवला नाही. मी एका जागी टिकणारा माणूस नव्हे. तोवर चार ठेकेदार सोडले होते. सरांचं काम मात्र मी वर्षभर धरून ठेवलं.

आणि त्याच वर्षात माझ्या हातून जे घडलं, ते सांगितल्याशिवाय सरांविषयी लिहिणं खरं होणार नाही.

एप्रिल आला. आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी घरं रंगवतात. बाकी गावांत लग्नसराई. मांडव पडायचा म्हणजे भिंती आधी साफसूफ झाल्या पाहिजेत. मी पट्टी घेऊन गेलो तर घरोघरी भेगा बुजवलेल्या, वरून चुना मारलेला, पेन्सिलीच्या खुणा गडप. एका आजीबाईंनी तर कौतुकानं दाखवलं, "बघ की, मोठं सर येत्यात कवा कवा, म्हणून चांगली लिपून घेतली. पाव्हण्याला का फुटकी भिंत दावायची?"

मी वही उघडली. आकड्याची जागा रिकामी ठेवली असती तर मी गेलोच नाही असं दिसलं असतं. ऊन डोक्यावर होतं, सायकलीची साखळी सारखी पडत होती, आणि मला सगळ्याचा कंटाळा आला होता. म्हटलं, एका महिन्यात काय एवढी हलणार भेग? मार्चचाच आकडा एप्रिलला लिहिला. मेमध्ये तोच परत. अशी एकोणीस घरं झाली.

ज्या दोन महिन्यांत माती सगळ्यात जास्त आकसते, नेमके तेच ते दोन महिने. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी गवंडी होतो.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या ताईनं जळोचीला दोन खोल्या बांधायला काढल्या. बांधणार होते आमचे तात्या. तात्या म्हणजे माळेगावचे जुने गवंडी, माझे गुरू. ते माती हातात घेऊन लाडू वळायचे, उन्हात ठेवायचे, आणि तो कसा फुटतो ते बघून पाया सांगायचे. सरांच्या कॉम्प्युटरचं शिक्षण त्याच सुमाराला पुरं झालं होतं. पहिला खरा पाया त्याला ताईचाच विचारायचा ठरलं.

पायाच्या आखणीची फक्की मारून झाली होती. सर आले, हातात कॉम्प्युटरनं छापलेला, कडेला भोकं असलेला लांब कागद. सर म्हणाले, "तात्या, हा तीन फूट पुरेल म्हणतोय."

तात्यांनी मातीचा फुटलेला लाडू उचलून दाखवला. "पाच फुटावर मुरूम हाय. तितवर जायाचं. मधी थांबायचं न्हाय."

"का, ते सांगता येईल का? म्हणजे यालाही शिकवता येईल."

"कसं सांगू, सर? हाताला कळतंय. तुमच्या मशीनला हात हाय का?"

दाजींना घाई होती. दोन फूट खणणं वाचत होतं. ते म्हणाले, "तात्या, तुमचा हात बी आता म्हातारा झाला. सायन्स म्हणतंय ते आयका की जरा."

तात्यांनी ओळंबा गुंडाळून पिशवीत घातला. ताई एकदा त्यांच्याकडं बघत होती, एकदा सरांकडं. तिला फक्त भिंत तडकायला नको होती. आधीच्या घरात रात्रंदिवस भेगांतून मुंग्या निघायच्या, ते तिनं बारा वर्षं सोसलं होतं.

सर कागदावर बोट ठेवून मला समजावून सांगू लागले, "हे बघ मिलिंद, तीन फूट पाया असलेल्या घरांच्या भेगा उन्हाळ्यातही हललेल्या नाहीत. म्हणून हा असं म्हणतोय."

ती एकोणीस घरं माझ्यापुढं उभी राहिली.

मी म्हणालो, "सर, त्या हलल्या असतील. मी बघितलं न्हाय. भेगा बुजवल्या होत्या. एप्रिल-मेचं आकडं मी मनानं लिवलं."

दाजी माझ्या अंगावर येणार होते, तात्यांनी त्यांना धरलं. सरांनी फक्त विचारलं, "किती घरं?"

"एकोणीस."

सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मग तात्यांपुढं जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "तात्या, पाच फूट. ओळंबा काढा." एवढं बोलून ते सायकलकडं चालत गेले. त्यांची चाल त्या दिवशी एकदम थकलेली दिसली. चार वर्षांचं काम होतं त्यांचं. पुढच्याच महिन्यात पुण्यातल्या परिषदेत ते मांडायचं होतं.

मी वस्तीत थांबलो नाही. भिगवणला गेलो आणि मासळीच्या पेट्या टेम्पोत चढवायचं काम धरलं. बर्फाच्या पाण्यानं बोटं सुजायची, पण कुणी काही विचारत नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

आठ-दहा दिवसांनी सर भिगवणला आले. तीन खानावळींत विचारत विचारत चौथ्या खानावळीत मी सापडलो. माझ्यासमोर बसले, दोन ताटं सांगितली. मी म्हणालो, "सर, तुमी मासं खात न्हाय."

"भाकरी खातो की," ते म्हणाले. आणि खरोखर कांद्याबरोबर कोरडी भाकरी खाल्ली.

मग पिशवीतून नवी वही काढून त्यांनी ताटाशेजारी ठेवली. रकाने त्यांनी स्वतः आखले होते. आकड्याच्या शेजारी एक नवा रकाना होता: 'दिसलं नाही'.

सर म्हणाले, "तुझी चूक आहे, ती आहेच. पण माझ्या वहीत खरं लिहायला जागाच नव्हती. आकडा लिही, नाहीतर कामचुकार ठर, एवढंच मी तुझ्यापुढं ठेवलं होतं. आता जागा केलीय. येत्या उन्हाळ्यात परत सुरू करायचं आहे. येतोस?"

मी मान खाली घालून काटे वेचत बसलो. सरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हात धुऊन एस.टी. स्टँडवर जाऊन बसले. मी संध्याकाळी पेट्या टाकून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

पुण्याच्या परिषदेत सरांनी मला आणि तात्यांना नेलं होतं. आम्ही शेवटच्या रांगेत. सर उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले की, या कामातल्या निम्म्याहून जास्त घरांचे उन्हाळ्याचे आकडे खोटे आहेत, म्हणून आज माझ्याजवळ दाखवायला निष्कर्ष नाही, फक्त चूक आहे. सभागृहात कुजबुज झाली. एका गृहस्थांनी उठून विचारलं, "या नोंदी घेतल्या कुणी?"

सर म्हणाले, "नोंदी माझ्या आहेत."

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. बाहेर आल्यावर सरांना म्हणाले, "तुमी माझ्या हाताखाली पयल्यापास्नं असता तर गवंडी झाला असता." सर मोठ्यानं हसले. त्या दिवसात ते तेवढेच हसले.

पुढचे दोन उन्हाळे आम्ही घरोघरी फिरलो. आता सर आधी जाऊन हात जोडून सांगायचे, "बाई, पाव्हणा आहे, पण फुटकी भिंतच बघायला आलोय. तेवढी वीतभर जागा लिंपू नका." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण जागा सोडायच्या. जिथं सोडली नाही तिथं मी 'दिसलं नाही' लिहिलं. तो रकाना भरताना लाज वाटेनाशी व्हायला मला एक उन्हाळा लागला. सरांनी कॉम्प्युटरलाही तेच शिकवलं. पुरेशी घरं बघितली नसतील तर तो आता सरळ सांगतो, मला माहीत नाही, जागेवरच्या गवंड्याला विचारा. तात्या वारले त्याआधी सरांनी त्यांना ते पडद्यावर दाखवलं होतं. तात्या म्हणाले, "आता श्याणा झाला."

सरांना यासाठी कुठला मान मिळाला, मला ठाऊक नाही. उशीर झाला, त्यामुळे बढती हुकली, असं ऐकलं. त्यांनी मला ते कधी सांगितलं नाही. मी पुन्हा अस्वस्थ झालो, बाहेरदेशी जायचं म्हणालो, तेव्हा पासपोर्टचा अर्ज त्यांनी स्वतः बसून भरला. वर एवढंच म्हणाले, "जिथं जाशील तिथं, न बघितलेलं बघितलं म्हणून सांगू नकोस." इथं स्लॅब ओतायच्या आधी साहेब विचारतात, खालची जाळी बघितली का? घाईत सगळे हो म्हणतात. मी बघितली नसेल तर नाही म्हणतो. शिव्या बसतात. थकलेल्या अंगानं परत वाकून बघावं लागतं. बघतो.

ताईचं घर पाच फुटांवर मुरमावर उभं आहे. खिडकीखाली केसाएवढी एक भेग आहे, तेवढीच. सर दर उन्हाळ्यात जळोचीला जातात, पट्टी लावतात आणि भाच्याकडून मला पत्र येतं: सर येऊन गेले, भेग तेवढीच हाय. जयंतीला ताई घराला निळा रंग देते. खिडकीखाली मात्र वीतभर जागा कोरी ठेवते, पेन्सिलीच्या खुणांसकट. आलेगेले हसतात, रंग कमी पडला का म्हणून विचारतात. ताई म्हणते, "ती जागा सरांची हाय."

सरांना उत्तम आरोग्य लाभो, गुडघे साथ देवोत, डोळे अर्धा मिलिमीटर वाचत राहोत. ताईच्या भिंतीवरची ती जागा अजून पुष्कळ उन्हाळे कोरी राहो, आणि तिथं पट्टी लावायला सरच येवोत, आपल्या पायांनी.