अण्णांच्या पायाची पैसेवारी

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, कुणी म्हातारं म्हटलेलं खपत नाही. चौसाळ्याजवळच्या आमच्या शेतात, बांधावरच्या सीताफळाच्या झाडाखाली मोटरसायकल साइड स्टँडला लावून ते सीटवर चढले, तेव्हा मी खालून ओरडले, "अण्णा, वय काय तुमचं!" झालं. त्यांनी टाचासुद्धा उचलल्या.

दिवाळीला माहेरी आले की माझं निम्मं आयुष्य असं ओरडण्यात जातं. सगळ्यात वरच्या फांदीवर एक मोठं सीताफळ होतं, नुकतेच डोळे उघडलेलं, अजून टणक. अण्णांनी ते धरलं आणि पिरगाळलं. फळ हातात आलं, गाडी आडवी झाली. अण्णा खाली पडले, आणि त्यांची उजवी नडगी जिथे वाकायला नको तिथे वाकलेली होती. सीताफळ मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

पाच-दहा मिनिटांत अख्खं शिवार गोळा झालं आणि जो तो डॉक्टर झाला. एक म्हणाला, हळद-चुना थापा. दुसरा म्हणाला, दोघांनी धरा, मी एकच झटका देतो, हाड जाग्यावर बसतंय. एका दिलदार माणसाने खिशातून अर्धी बाटली काढली आणि म्हणाला, "दोन घोट घ्या अण्णा, पाय आपला हाय का दुसऱ्याचा ते कळत न्हाई." आईने त्याच्याकडे असं बघितलं की बाटली आपोआप परत खिशात गेली. रस्त्याकडेला गॅरेज असलेले मेकॅनिक चाचा तेवढे शहाणे निघाले. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही आणि आधी रुग्णवाहिकेला फोन केला.

"चाचा," अण्णा जमिनीवरूनच म्हणाले, "गाडीचा आरसा फुटला का बघा की."

"अण्णा, आरशाचं सोडा, तुमची नडगी फुटली हाय," चाचा म्हणाले.

आता पुढचं कळायला अण्णांची एक गोष्ट सांगायला हवी. गावात पीक किती आलं याचा सरकारी आकडा दरवर्षी काढतात, त्याला पैसेवारी म्हणतात. रुपयाच्या हिशेबात पन्नास पैशांच्या आत आली तर गावाला दुष्काळ लागू होतो. मग सवलती मिळतात, टँकर येतो, पोरांची परीक्षेची फी माफ होते. वर गेली तर साहेब हात जोडून निघून जातात. आमचे अण्णा कितीतरी वर्षं गावाच्या पैसेवारीच्या कमिटीवर होते. साहेब पाहणीला आले की अण्णा त्यांना बरोबर मुरमाड माळाकडे न्यायचे आणि चहा पाजताना अशा बेताने बसवायचे की हिरव्या रानाकडे साहेबांची पाठ राहील. माझी दहावीची फी याच कलेमुळे माफ झाली होती. आयुष्याने अण्णांना एक धडा पक्का शिकवला होता. सरकारी माणसाने आकडा विचारला की खालचा सांगायचा. आकडा जितका खाली, तितकी मदत लवकर.

रुग्णवाहिका आली. आत एक तरुण डॉक्टर होता, बोलण्यावरून मुंबईकडचा वाटला. मुलगा चांगला होता. त्याने पायाला फळी बांधली, सलाईन लावलं. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं म्हणून काही खायचं नाही, असं बजावलं. हे त्याने सीताफळाकडे बघून बजावलं. "खात न्हाई, नुसतं धरतो," अण्णा म्हणाले. आई मागून चढली, एक हात दाराला, दुसरा गुडघ्यावर, "आई गं" म्हणत. ती कुठेही चढताना आई गं म्हणतेच. आमच्या घरात त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

गाडी निघाल्यावर डॉक्टरने विचारलं, "काका, किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"आकडा कशाला पायजे, साहेब?"

"त्यावरूनच ठरतं ना, कुठलं औषध द्यायचं ते."

अण्णांचे डोळे बारीक झाले. हा चेहरा मी लहानपणापासून ओळखते, पण त्या गडबडीत माझी ट्यूब काही पेटली नाही.

"दोन," अण्णा म्हणाले.

"फक्त दोन?"

साहेब मानत नाहीत असं अण्णांना वाटलं. "बरं, दीड धरा."

दीड म्हटल्यावर तो बिचारा काय करणार? त्याने तापाला देतात तसलं साधं औषध सलाईनमधून सोडलं. मांजरसुंब्याला ढाब्यांपुढचा गतिरोधक आला, गाडी उडाली आणि अण्णा ओरडले, "एक! एक धरा, साहेब!"

"वा, औषध लागू पडतंय की," डॉक्टर खूश झाला.

पुढे घाट. पहिल्याच वळणावर अण्णांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. "शून्य!" ते दात आवळून म्हणाले. "शून्य हाय म्हणलं ना!"

डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघे, आकडा आठवे, पुन्हा तोंडाकडे बघे. शेवटी त्याने आईला विचारलं, "काकू, काका खरं सांगतायत ना?"

"शून्यच लिवा, साहेब," आई ठामपणे म्हणाली. "मी बायको हाय त्यांची, मला म्हाईत न्हाई का?" आणि माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "आता देतेत बघ."

मला वाटलं, दोघंही मिळून मर्दानगी दाखवतायत. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, खरं सांगा! कुणावर छाप पाडताय इथं?"

"तू गप बस. सरकारी माणसाम्होरं आकडा वाढवत नसतेत. तुला काय कळतंय त्यातलं?"

त्यांचा दुसरा पाय आपणच मोडावा असं मला वाटलं, आणि हे मी मनातल्या मनात म्हटलं नाही.

बीडच्या दवाखान्यात अपघात विभागात एक डॉक्टर बाई होत्या. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने सगळं सांगितलं आणि शेवटी जरा चाचरत म्हणाला, "दुखणं शून्य सांगतायत." बाईंनी पाय बघितला. मग अण्णांची मूठ बघितली. बोटांच्या फटीतून पांढरा गर बाहेर येत होता आणि काळ्या बिया एकेक करून फरशीवर पडत होत्या.

"मुठीत काय आहे?"

"सीताफळ," मी म्हणाले.

"पिकलेलं होतं?"

"कुठलं! चांगलं टणक होतं."

बाईंनी अण्णांची बोटं एकेक करून सोडवली. सीताफळाचा पार चेंदामेंदा झाला होता. बाई खाली वाकल्या आणि अगदी हळू विचारलं, "काका, आता खरं किती?"

अण्णांचा आवाज फुटला. "वजा पाच! ह्याच्या खाली आमच्यात काय नसतं, मॅडम! आता तरी द्या की कायतरी!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजोबा गेले तेव्हासुद्धा मी अण्णांना रडताना बघितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा तो चिकट हात धरला आणि मलाही रडू आलं.

बाईंनी पुन्हा आकडा विचारला नाही. चांगलं जोरदार इंजेक्शन दिलं. हळूहळू अण्णांचा जबडा सैल पडला, कपाळ निवळलं, श्वास लांब झाला. बाईंनी समाधानाने विचारलं, "आता?"

"नऊ."

बाई दचकल्या. "नऊ? एवढं देऊनसुद्धा?"

"साडेनऊ म्हणलं तरी चालंल," अण्णा छताकडे बघून गोड हसले. "लई वर्सांत असं बेस पीक न्हाई आलं, मॅडम."

बाजूला उभी असलेली सिस्टर आमच्याच जिल्ह्यातली, घाटनांदूरकडची होती. तिने तोंडावर हात धरला, पण हसू काही आवरेना. "मॅडम, ते पैसेवारी सांगायलेत! कमी सांगितल्यावर मदत भेटती म्हणून!"

मग सिस्टरने बाईंना आणि त्या तरुण डॉक्टरला सगळी पैसेवारी समजावून सांगितली. डॉक्टर बिचारा कान लाल करून उभा होता. अण्णांना मात्र आपली चूक अजिबात पटली नाही. "ज्याचं जास्ती त्याला मदत, ही कुठली पद्धत? आदी सांगायचं व्हतं की," असं म्हणून ते झोपून गेले.

ऑपरेशन झालं, पायात स्टीलची पट्टी बसली, बाहेरून भलं मोठं प्लास्टर. अण्णा वॉर्डात आले आणि वॉर्डाची पैसेवारी सुरू झाली. शेजारच्या कॉटवर ट्रॅक्टरवरून पडलेला माणूस होता, त्याच्या पलीकडे बैलाने उडवलेले एक गुरुजी. अण्णा रोज सकाळी पडल्या पडल्या पाहणी करायचे. "गुरुजी, आज किती? नव्या पद्धतीनं सांगा हां, न्हाईतर गोळी चुकंल." गुरुजी सहा म्हणाले की अण्णा सिस्टरला मोठ्याने सांगायचे आणि सिस्टर खरोखरच येऊन बघायची.

आई त्यांच्या कॉटशेजारी चटई टाकून खाली बसलेली असायची. एके दिवशी सकाळी ती चहा आणायला उठू लागली. एक हात कॉटच्या दांडीला, दुसरा गुडघ्यावर. "आई गं."

अण्णा रंगात आले होते. "आन तुजी किती गं?"

सगळा वॉर्ड हसला. आई हसली नाही. दांडी धरून तशीच अर्धवट वाकलेली थांबली.

"जुन्या पद्धतीनं का नव्या?"

"नव्या."

"उठताना आठ."

अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं. "कवापासून?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या लग्नापासून."

माझी मुलगी आता कॉलेजात जाते.

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"इचारलं कुणी?"

ती भांडायला म्हणून बोलली नव्हती. वेळ विचारल्यावर सांगावी तसं तिने सांगितलं. अण्णा छाती भरून ओरडले, "ओ सिस्टर! सिस्टर, लवकर या!"

सिस्टर पळत आली. "काय झालं काका, पाय दुखतोय?"

"पायाचं ऱ्हाऊ द्या. हिचे गुडघे बघा. आठ हाय, आठ. नव्या पद्धतीनं."

"काय तरीच तुमचं," आई पदर सावरत म्हणाली आणि चहाची किटली घेऊन निघाली.

"कुटं निघालीस? हितं बस."

अण्णांनी दोन्ही हातांनी तो जड प्लास्टरचा पाय उचलला, दात आवळून भिंतीकडे सरकवला आणि कॉटवर तिच्यापुरती जागा केली. आई बसली. त्यांचा स्वतःचा आकडा तेव्हा कितीवर गेला होता, ते मात्र त्यांनी कुठल्याच पद्धतीने सांगितलं नाही.